व्हाळातला मळ्या आणि दगडावरचे शेवाळ : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात गोव्यातील व्हाळांविषयी, म्हणजे ओढ्यांविषयी, लिहिताना ‘खडकाला चिकटून शेवाळ खरवडणारा मळ्या’ असा या लहान माशाचा एका वाक्यापुरता उल्लेख मी केला होता. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे येतील असे वाटले नव्हते. सत्तरी, सांगे, फोंडा, सासष्टी आणि तिसवाडी या तालुक्यांतून आलेल्या पत्रांपैकी एकमेकांना पूरक असे प्रश्न निवडून या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे.

प्रश्न : आमच्या शाळेच्या मुलांना दिवाळीनंतर जवळच्या व्हाळावर नेले होते. पाणी वेगाने घसरत होते, त्या खडकावरच करंगळीएवढे काळपट मासे चिकटून बसलेले दिसले. पाण्यात पाय सोडले तर ते पायांना टोचू लागले आणि काही मुले घाबरली. हाच तुमचा मळ्या का? तो वाहून कसा जात नाही, आणि तो चावतो का? (एक शिक्षिका, वाळपई)

उत्तर : आपल्या वर्णनावरून तो मळ्याच असावा. शास्त्रीय भाषेत त्याला ‘गारा मुल्या’ म्हणतात, आणि या नावातला दुसरा शब्द आपलाच आहे. मुंबई सरकारच्या सेवेत असलेले कर्नल विल्यम हेन्री सायक्स यांनी दख्खनच्या नद्यांतील माशांचे वर्णन केले, ते १८३९ मध्ये प्रसिद्ध झाले. अनेक माशांना त्यांनी ग्रीक-लॅटिन नावे न शोधता इथल्या लोकांच्या तोंडी असलेलीच नावे दिली. मळ्याचा ‘मुल्या’ झाला तो असा. महसीर माशाच्या एका जातीचे ‘खुद्री’ हे नावही त्याच वाटेने शास्त्रात गेले. ‘गारा’ हे प्रजातीचे नाव त्याआधीचे, १८२२ मधले आहे. गंगेच्या माशांचा अभ्यास करणारे फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी ते दिले. मळ्या रोहू-कटल्याच्याच कुळातला असला तरी त्याचे सारे अंग वाहत्या पाण्यातल्या दगडावर जगण्यासाठी घडलेले आहे.

ते अंग एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. मुलांना दाखवायचे असेल तर काचेच्या बरणीत पाण्यासकट एक मासा घ्यावा, बरणी डोळ्यांच्या वर धरून खालून पाहावे आणि दोन मिनिटांत त्याला पुन्हा पाण्यात सोडावे. वरून काळपट हिरवा दिसणारा हा मासा खालून पांढुरका आणि सपाट असतो. तोंड पुढे नसते, मुस्कटाच्या खाली आडव्या चिरेसारखे असते. त्याच्या मागे, हनुवटीच्या जागी, खालच्या ओठापासून तयार झालेली एक मांसल चकती दिसते. तिचा मध्य गुळगुळीत असतो, कडेने बारीक दाणे असतात आणि मागची किनार मोकळी असते. ही चकती दगडावर टेकवून मासा आपली पकड घेतो. छातीचे आणि पोटाचे पर दोन्ही बाजूंना आडवे पसरलेले असतात. वरून वाहणारे पाणी त्यांच्यावरून जाताना माशाला खाली दाबते. शिवाय इतर माशांना तरंगायला मदत करणारी आतली हवेची पिशवी मळ्यात बरीच लहान झालेली असते, त्यामुळे तळाशी राहायला त्याला आयास पडत नाहीत. धारेच्या पृष्ठभागावर पाणी जोरात असले तरी दगडाला अगदी लागून असलेल्या पातळ थरात त्याचा वेग बराच कमी असतो, आणि चपटा मासा त्याच थरात राहतो.

आता चावण्याविषयी. या कुळातील माशांच्या जबड्यांत दात नसतात. त्यांचे दात घशात असतात आणि ते गिळलेले अन्न चिरडण्यासाठी असतात. मळ्याच्या खालच्या जबड्याला शिंगासारखी कठीण धार असते, तिने तो दगडावरचा थर खरवडतो. माणसाच्या पायावरची मऊ झालेली मेलेली त्वचा त्याला तशीच खरवडण्यासारखी वाटते, त्यामुळे गुदगुल्या होतात आणि क्वचित टोचल्यासारखे वाटते, पण त्याने जखम होत नाही. मुलांना हे सांगितले तर पुढच्या वेळी ती पाय बाहेर काढणार नाहीत, असा माझा अनुभव आहे.

आपण दिवाळीनंतर गेलात हे उत्तम केलेत. गोव्याचा वर्षाचा सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि त्या पुराने दगड घासून निघतात. पाऊस ओसरला, पाणी निवळले आणि ऊन तळापर्यंत पोचू लागले की दगडावर पहिल्यांदा तपकिरी रंगाचा बुळबुळीत थर धरतो. त्याला आपण घाण म्हणतो. तो थर मुख्यतः डायाटम या एकपेशीय शैवालांचा असतो. त्यांच्याभोवती वाळूच्याच द्रव्याचे, म्हणजे सिलिकाचे, नाजूक कवच असते. त्यात हिरव्या शैवालांचे धागे, जिवाणू आणि बारीक किडेही मिसळलेले असतात. भर दुपारी, पाणी संथ असेल तिथे, या थरावर प्राणवायूचे मोत्यांसारखे बुडबुडे धरलेले दिसतात. हे मळ्याचे कुरण आहे. त्याच दगडावर नीट पाहिले तर काळपट थरामध्ये नखाएवढे फिकट पट्टे उमटलेले दिसतील, ती मळ्याच्या चरण्याची खूण असते. अशा चरलेल्या जागी थर पुन्हा धरतो आणि मासे पुन्हा तिथे येतात. मासा दिसला नाही तरी या पट्ट्यांवरून तो व्हाळात आहे हे ओळखता येते, आणि मला स्वतःला माशापेक्षाही हे पट्टे शोधण्यात अधिक आनंद वाटतो.

प्रश्न : पर्यटनस्थळांवर काचेच्या टाकीत पाय बुडवून माशांकडून ते स्वच्छ करून घेण्याची दुकाने आहेत. तेही मळ्याच असतात का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : नाही. त्या दुकानांसाठी नावाजलेला मासा मळ्याचा चुलतभाऊ आहे. ‘गारा रूफा’ ही जात पश्चिम आशियात, तुर्कस्तान आणि आसपासच्या नद्यांत आढळते, आणि तुर्कस्तानातील कांगल येथील गरम पाण्याच्या झऱ्यांमुळे ती प्रसिद्ध झाली. तिच्या नावाखाली पुष्कळदा दुसऱ्याच जातीची पिले विकली जातात आणि त्यांतल्या काहींच्या जबड्यांत खरोखरीचे दात असतात. टाकीतले पाणी एका माणसानंतर दुसऱ्यासाठी तेच राहते, त्यामुळे पायाला जखम असेल किंवा मधुमेह असेल तर अशा टाकीत पाय घालू नये. वाहत्या व्हाळात बसणे केव्हाही बरे.

प्रश्न : आमचे कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, व्हाळाच्या काठाला आहे आणि शिंपण्याचे पाणी पाटाने येते. माझ्या लहानपणी पाटात हे मासे पुष्कळ असत, आता ते जवळजवळ दिसत नाहीत. आम्ही पावसाच्या तोंडावर पोफळींवर औषध मारतो, त्याचा हा परिणाम असेल का? औषध मारले नाही तर सुपारी गळते, हेही आपण ध्यानात घ्यावे. (एक बागायतदार, सत्तरी)

उत्तर : आपला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटला, म्हणून त्याचे उत्तर थोडे सविस्तर देतो. आपण म्हणता ते औषध बोर्डो मिश्रण असणार, म्हणजे मोरचूद आणि चुना यांचे पाणी. सुपारीच्या कोळेरोगावर ते पिढ्यान्‌पिढ्या वापरले जात आहे आणि ते सोडून द्या असे मी सांगणार नाही, कारण सततच्या पावसात या बुरशीने एका हंगामाचे पीक जाते हे मी स्वतः कुळागरात वाढल्यामुळे जाणतो. परंतु मोरचुदातले तांबे बुरशीइतकेच शैवालालाही मारते. तळ्यांतले शेवाळ काढण्यासाठी मोरचूद वापरतात ते याच गुणामुळे. माशांच्या कल्ल्यांना तर ते फार थोड्या प्रमाणातही बाधते. त्यात आपल्याकडची एक अडचण अशी की, सह्याद्रीच्या पायथ्याशी जांभ्या दगडाच्या प्रदेशातून येणारे पाणी मृदू असते, त्यात चुन्याचे अंश थोडे असतात, आणि अशा मृदू पाण्यात तांब्याचा विषारीपणा वाढतो. त्यामुळे जे प्रमाण चुनखडीच्या प्रदेशातल्या नदीत माशांनी सहन केले असते, ते आपल्या व्हाळात त्यांना सहन होत नाही.

तरीही पोफळीवर नीट मारलेले औषध हा माझ्या मते मुख्य दोषी नाही. चांगले केलेले मिश्रण घडांवर आणि पानांवर चिकटून वाळते आणि हळूहळू धुपते. खरी हानी होते ती मिश्रण करण्याच्या आणि भांडी धुण्याच्या जागी. पाणी सोयीचे म्हणून पिंप पाटाच्या काठावर ठेवायचे, मोरचूद तिथेच विरघळवायचे, उरलेले औषध पाटात ओतायचे आणि पंप व्हाळात धुवायचा, ही पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. असे केले की तांब्याचा एक मोठा घोट एकाच वेळी पाण्यात जातो. पाटाचे पाणी उथळ आणि अरुंद असते. त्यातले दगडावरचे कुरणच एका फटक्यात जळते, आणि मासा औषधातून वाचला तरी पुढचे काही दिवस त्याला खायला उरत नाही.

म्हणून तीन गोष्टी करून पाहाव्यात. मिश्रण करण्याची जागा पाटापासून आणि व्हाळापासून दूर, कुळागराच्या उंच भागात ठेवावी आणि धुण्याचे पाणी मातीत मुरू द्यावे. मिश्रण तयार झाल्यावर त्यात चकचकीत लोखंडी सुरी थोडा वेळ बुडवून पाहावी. सुरीवर तांबूस थर धरला तर मोकळे तांबे शिल्लक आहे असे समजून चुन्याचे पाणी आणखी घालावे आणि थर धरेनासा झाल्यावरच फवारणी करावी. ही जुनी खूण पोफळीच्या हिताचीही आहे, कारण मोकळे तांबे पानेही जाळते. आणि फवारणी उघडीप पाहून करावी, म्हणजे औषध वाळेल आणि पहिल्याच सरीने ते व्हाळात उतरणार नाही.

एक शंका मात्र आपण तपासून घ्यावी. उन्हाळ्यात, व्हाळाची धार तुटून नुसत्या कोंडी, म्हणजे पात्रातले डोह, उरल्या असताना, एखाद्या कोंडीतले सगळेच मासे, खेकडे आणि कोळंब्या एका रात्रीत मेलेल्या आढळल्या असतील, तर तो बहुधा फवारणीचा परिणाम नव्हे. कोणीतरी मासे धरण्यासाठी ब्लीचिंग पावडर किंवा तत्सम विष टाकलेले असण्याची शक्यता मोठी असते. पूर्वी यासाठी गेळाची फळे ठेचून टाकत, त्याचा परिणाम थोड्या वेळाने ओसरत असे. आता वापरतात ती रसायने कोंड निर्जीव करून टाकतात, आणि मार्च ते मे या काळात वरच्या अंगाचे सगळे मळ्ये त्या दोनचार कोंडींतच गोळा झालेले असल्यामुळे पुढच्या पावसाळ्यात अंडी घालायला मासाच उरत नाही. पाण्यात विष टाकून किंवा स्फोट करून मासे मारणे हा १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्याखाली गुन्हा आहे. आपल्या वाड्यावर हे होत असेल तर पंचायतीच्या ग्रामसभेत ते स्पष्टपणे मांडावे.

प्रश्न : आमच्या नदीच्या वरच्या भागात, जंगलात, हे मासे आहेत, पण खाली गावाजवळ नाहीत. पाणी तर दोन्हीकडे एकच आहे. असे का व्हावे? (एक वाचक, सांगे)

उत्तर : पाणी एकच असले तरी दगड एकसारखे आहेत का, हे पाहावे लागेल. मळ्याला लागतात ते उघडे, स्वच्छ, ऊन लागणारे दगड आणि त्यांच्यावरून वाहणारे प्राणवायूने भरलेले पाणी. खालच्या भागात दगडावर बोट फिरवून पाहा. बोटाला शेवाळाचा बुळबुळीतपणा न लागता लाल पीठ लागले तर उत्तर तिथेच मिळाले. खाणींच्या उघड्या ढिगाऱ्यांतून, रस्त्यांच्या कापलेल्या डोंगरउतारांतून आणि बांधकामांच्या जागांतून पहिल्या पावसाबरोबर उतरणारी बारीक माती दगडांवर बसते. त्या थराखाली शैवालाला ऊन मिळत नाही. जे थोडे वाढते त्यात माती मिसळलेली असल्यामुळे माशाच्या पोटात अन्नापेक्षा चिखल जास्त जातो. आणि दगडांमधल्या फटी बुजल्या की अंड्यांना आणि पिलांना आसरा राहत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने गोव्यातील लोहखनिज काढणे ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबले होते, पण खाण थांबली म्हणून ढिगाऱ्यांवरची माती थांबत नाही. ज्या उताराला गवत आणि झुडपे धरली आहेत त्याच्या खालचे पाणी आणि उघड्या उताराखालचे पाणी जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन बरण्यांत भरून शेजारी ठेवावे, म्हणजे फरक कोणालाही समजेल.

दुसरे कारण बंधारा हे असू शकते. काँक्रीटच्या बंधाऱ्यामागे पाणी साठते, संथ होते, गाळ खाली बसतो आणि वाहत्या पाण्याची जागा तळ्याची होते. तिथे दुसरे मासे सुखाने राहतील, पण मळ्याला तिथे काही काम उरत नाही. खाली उतरलेल्या माशांना पुन्हा वर चढायची वाटही बंद होते. आपल्या पूर्वजांनीही नदी अडवली होती, हे खरे आहे. सत्तरीत म्हादई नदीच्या पात्रालगत होणाऱ्या पुराण शेतीसाठी दगडमातीचा बांध घालून पाणी पाटाने वळवीत असत. परंतु तो बांध पावसाळ्यात वाहून जाई, पात्र धुऊन निघे आणि माशांची वाट दरवर्षी मोकळी होई. पाण्याची गरज मी नाकारीत नाही. नवा बंधारा बांधताना पावसाळ्यात त्याच्या फळ्या वेळेवर आणि पूर्ण काढल्या जातील, आणि उन्हाळ्यात त्याच्या खाली थोडी तरी धार चालू राहील, एवढे पाहिले गेले तरी खूप फरक पडेल.

काठावरच्या झाडांचाही इथे संबंध आहे, आणि तो थोडा उलटसुलट आहे. दाट सावलीत शैवाल कमी वाढते, त्यामुळे काठ मोकळा केल्यास मळ्याचे कुरण वाढेल असे वाटते. प्रत्यक्षात करंज, जांभूळ, उंबर यांच्या मुळांनी धरलेला काठ सुटला की माती पात्रात येते, उन्हाळ्यात पाणी तापते, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो, आणि डायाटमच्या मऊ थराऐवजी लांब धाग्यांचे हिरवे शेवाळ माजते, जे मळ्याला खरवडता येत नाही. ऊनसावलीचा पात्रभर मिसळलेला खेळ असतो तेच त्याला मानवते.

प्रश्न : मळ्या घरच्या टाकीत ठेवता येईल का? आणि माझ्याकडे टाकीतले शेवाळ खाणारा ‘सकर’ आहे, तो आता फूटभर झाला आहे. त्याला नदीत सोडले तर तोही शेवाळच खाईल ना? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, मडगाव)

उत्तर : दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो. कृपा करून सोडू नका. सकर हा दक्षिण अमेरिकेतला मासा आहे. शेवाळ तो खातो हे खरे, पण त्याच्या अंगावर हाडांचे कवच असल्यामुळे आपल्या नद्यांतला फारसा कोणी त्याला खात नाही. पाण्यात प्राणवायू कमी झाला तर तो वर येऊन हवा गिळून जगतो. आणि अंडी घालण्यासाठी काठाच्या मातीत खोल बिळे करतो, त्याने काठ ढासळतो. वाराणसीजवळ गंगेत हा मासा २०२० मध्ये सापडला तेव्हा देशभर त्याची चर्चा झाली होती, आणि तोही टाक्यांतून सोडलेल्या माशांपासूनच पसरतो. टाकी लहान पडत असेल तर मासा दुकानदाराला परत द्यावा किंवा मोठी टाकी असलेल्या हौशी माणसाकडे सोपवावा.

मळ्याला टाकीत ठेवणे शक्य आहे, पण मी त्याची शिफारस करणार नाही. त्याला जोराचा प्रवाह, थंड पाणी आणि दगडावर सतत वाढणारा थर लागतो. जठर नसलेल्या या माशाचे आतडे शरीराच्या कितीतरी पट लांब, घड्याळाच्या स्प्रिंगसारखे गुंडाळलेले असते, कारण पौष्टिकता कमी असलेले अन्न सतत खाऊन त्यातून थोडेथोडे मिळवण्याची त्याची जीवनपद्धती आहे. सकाळ-संध्याकाळ चिमूटभर दाणे टाकून ती पद्धत सांभाळता येत नाही. शिवाय तुम्ही म्हादई, मोले, नेत्रावळी किंवा खोतीगाव अभयारण्याच्या हद्दीतून मासा उचललात तर तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा भंग होईल.

प्रश्न : आमचा शेवटो मासाही शेवाळ खातो असे ऐकले आहे. मग तो आणि मळ्या एकाच प्रकारचे का? (एक गृहिणी, दिवाडी)

उत्तर : अन्न बरेचसे एक, पण मासे अगदी वेगळे. शेवटो, ज्याला २०१६ मध्ये गोव्याचा राज्यमासा म्हणून मान मिळाला, तो खाडीच्या आणि खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या, मचूळ पाण्यात राहतो आणि चिखलाच्या पृष्ठभागावरची डायाटम शैवाले चिखलासकट तोंडात घेतो. ती दळण्यासाठी त्याच्या जठराचा एक भाग कोंबडीच्या पोटातल्या पेटीसारखा जाड आणि स्नायूंचा झालेला असतो, आणि गिळलेली वाळू तिथे जात्याच्या दगडाचे काम करते. मळ्याला जठरच नाही. तो घशातल्या दातांनी चिरडतो आणि बाकीचे काम लांबलचक आतड्यावर सोपवतो. आपण शेवटो साफ करताना आतडी काढता त्या वेळी ती कठीण गोळी बोटांना लागत असेल. पुढच्या वेळी ती सुरीने उभी चिरून पाहावी, आत राखाडी रंगाचा बारीक चिखल आणि वाळू सापडेल.